आमचे बारा किल्ट आणि त्यांचा एक

"घागरोच ह्यो! घागरो म्हणूक लाजतत कित्याक?"

पडद्यामागून आमच्या टेलरमास्तरांचा आवाज आला. हा घागरा ज्यांचा होता ते गृहस्थ काउंटरच्या पलीकडे माझ्यासमोरच उभे होते. सहा फुटांच्या वर उंची, पांढऱ्या मिशा, अबुधाबीच्या उन्हाने उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा झालेला चेहरा. हिरव्या-निळ्या चौकड्यांचा जाड लोकरी किल्ट त्यांनी दोन्ही हातांवर आडवा धरला होता, बारशाला पाळण्याखालून बाळ पलीकडे देताना धरतात तसा.

"काय म्हणाले ते?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"रंग छान आहे म्हणतात," मी म्हणाले.

त्यांना मालवणी येत नव्हती आणि तोंड सरळ ठेवण्याचा माझा सराव जुना होता.

ते स्कॉटिश इंजिनियर होते. तेलकंपनीत वीसेक वर्षं काढून आता निवृत्तीला आले होते. शुक्रवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, इथेच, कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या, एका हॉटेलात. किल्ट त्यांच्या वडिलांचा. वडिलांनी तो स्वतःच्या लग्नात घातला होता, यांनी यांच्या लग्नात घातला होता, आणि आता मुलीला हाताला धरून नवऱ्यामुलापर्यंत न्यायचं तर हाच घालून न्यायचं असं त्यांनी ती जन्मली तेव्हापासून ठरवलेलं होतं. "पण मधल्या काळात," छताच्या पंख्याकडे बघत ते म्हणाले, "मी थोडा वाढलो." किती वाढले ते त्यांनी बोटांनी दाखवलं. तीन इंच होते. माझी नजर टेपसारखी आहे, दुकानात बसून झालेली.

"जमत असेल तर करा. नसेल जमत तर स्पष्ट सांगा. मग मी तो हल्ली मिळतो तसला फॅशनचा घेईन." हे ते अशा आवाजात म्हणाले, जणू डॉक्टरांना सांगत होते, मग पाय कापूनच टाका.

मी पावती लिहिली, संध्याकाळी पाचला या म्हणाले. त्या दिवशी मंगळवार होता. दारातून बाहेर पडताना त्यांनी वळून एकदा पाहिलं, माझ्याकडे नाही, किल्टकडे.

आमचं दुकान युनिफॉर्मचं. हॉस्पिटलचे कोट, शाळांचे स्कर्ट, सिक्युरिटीवाल्यांच्या पँटी, हॉटेलच्या बेलबॉयची सोनेरी बटणं. बाबांनी ते मी पहिलीत असताना सुरू केलं आणि सावंतवाडीहून मास्तरांना बोलावून घेतलं. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म भरून मी निकालाची वाट बघत होते, म्हणून बाबांनी मला काउंटरवर बसवलं. माझं काम इंग्रजी बोलण्याचं होतं. बारा वर्षं इंग्रजी शाळेची फी भरल्यावर त्यातून काहीतरी वसूल व्हावं ही त्यांची साधी अपेक्षा. अडचण एवढीच, की मला कुठल्याच भाषेत बोलायला आवडत नसे. घरी बाबा मराठीत विचारायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि तेही शक्यतो "ओके" एवढंच.

त्या आठवड्यात दुकानात किल्टची साथच आलेली होती. दुसऱ्या एका हॉटेलाने "स्कॉटिश नाइट" ठरवली होती आणि वेटरांसाठी बारा किल्टची ऑर्डर बाबांना दिली होती. बाबा कुठल्याही ऑर्डरला नाही म्हणत नसत. पर्चेस मॅनेजरने विचारलं, "किल्ट करता का?" बाबा म्हणाले, "सर, किल्ट इज अवर स्पेशालिटी." तो दुकानातून बाहेर पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "किल्ट म्हणजे नक्की काय गं?"

संदर्भासाठी आमच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बटणं ठेवत. झाकणावर एक स्कॉटिश माणूस पुंगीसारखं वाद्य फुंकत उभा होता. त्याचं कंबरेपासून वरचं अंग त्या वाद्याने झाकलेलं आणि कंबरेखाली, नेमकी पुढे, एक केसाळ पिशवी लोंबत असलेली. तेवढ्यावरून किल्ट बेतायचा होता. दुबईहून पॉलिएस्टरचं लाल चौकड्यांचं कापड आलं. केसाळ पिशव्यांसाठी, शाळेच्या गॅदरिंगला सिंहाच्या आयाळी करून दिल्या होत्या त्यातलं उरलेलं कापड निघालं. बकलाऐवजी वेलक्रो. प्रश्न उरला निऱ्यांचा. त्या असतात एवढं नक्की, पण कुठे, हे डब्यावर दिसत नव्हतं.

"पुढेच असतल्यो," मास्तर म्हणाले. "निऱ्यो मागे घालून काय करतले? बसतले त्येंच्यार?"

आईला विचारलं. आई दुपारी डबा घेऊन येई तेव्हा तिचं मत घेतलं जायचं, नाहीतर ते न विचारताच मिळायचं. ती म्हणाली, "अहो, निऱ्या पुढेच की. अख्ख्या जगात पुढेच असतात."

झालं. तीस वर्षं साडी नेसणारी बाई आणि चाळीस वर्षं शिवणारा माणूस यांचं एकमत झाल्यावर स्कॉटलंडला कोण विचारतो? बारा किल्ट झाले, पुढे गच्च निऱ्या, मागे सपाट, मागच्या बाजूला एकावर एक येणारी वेलक्रोची झडप. शिवाय कुणी जाड वेटर निघाला तर असावा म्हणून एक तेरावा, मोठ्या मापाचा. प्रत्येकाच्या निऱ्यांवर आयाळीची पिशवी पक्की शिवून टाकलेली, हरवायला नको म्हणून.

मापाला हॉटेलच्या वेटरांचा कॅप्टन आला होता, एक अतिशय सभ्य मल्याळी गृहस्थ. किल्ट घालून तो आरशासमोर उभा राहिला. पॉलिएस्टर फुगतं, आणि त्या सगळ्या निऱ्या पोटावर. सातवा महिना संपून आठवा लागलेला असावा तसा तो दिसत होता. त्याने पोट आत घेऊन पाहिलं. काही फरक पडला नाही, कारण ते त्याचं पोट नव्हतंच. बराच वेळ आरशात बघून तो म्हणाला, "नाइस, मॅडम," आणि पँट घालून निघून गेला.

तर त्या मंगळवारी एक वाजता शटर अर्धं खाली ओढलं, आई डबा घेऊन आली, आणि कटिंगच्या टेबलावर मी तो खरा किल्ट उलगडला. उलगडतच गेले. टेबल संपलं तरी किल्ट संपेना.

आईने हात पुसले आणि कोपरापासून बोटापर्यंत मोजायला सुरुवात केली. निऱ्यांची आतली कापडं बोटांनी चाचपत ती शेवटपर्यंत गेली. "आठ वार तरी आहे गं! आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी." तिचा चेहरा असा झाला जणू तिला परक्या मुलखात माहेरचं कुणी भेटलं.

मास्तर मात्र टेबलावर वाकले होते. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पुढच्या बाजूला दोन सपाट पदर एकावर एक येत होते, निरी एकही नाही. सगळ्या निऱ्या मागे. एकेक निरी अशी घातलेली की चौकडीची रेघ पहिल्या निरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात होती, मधे कुठे तुटत नव्हती. खालच्या कडेला दुमड नव्हती, विणताना आलेली मूळ किनारच ठेवलेली. आतून कॅनव्हास. टाका न टाका हाताचा. मास्तरांनी एक निरी बोटांत धरून पुष्कळ वेळ पाहिली.

"मागे असत गो," ते शेवटी म्हणाले. "बसतत त्येंच्यार."

आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. तिथे दांडीवर आमचे बारा अधिक एक किल्ट लाल पोटं पुढे काढून रांगेने लटकत होते. आधी आई हसली. मग मास्तर, तोंडावर टेप धरून. मीही हसले असेन, कारण आई म्हणाली, "बघा, हिला दात आहेत."

आई जेवायला वाढता वाढता बोलत राहिली. तिला आता या विषयात अधिकार आला होता. तिचं खरं भांडण किल्टशी नव्हतं, शिवलेल्या नऊवारीशी होतं. तेव्हा नुकत्याच त्या निघाल्या होत्या, पायजम्यासारख्या पाय घालून चढवायच्या, बाजूला चेन. बाबांनी आदल्या गणपतीत दादरहून दहा आणवून इथल्या मराठी मंडळात विकल्याही होत्या. आई मंडळातल्या बायकांना रांगेने उभं करून काष्टा घालून देणारी. तिला त्या दहा नऊवाऱ्या म्हणजे घरातली फितुरी वाटली. लेझीमच्या दुसऱ्या फेरीला एका बाईची चेन उसवली, तेव्हा बाकीच्या बायका धावल्या आणि आई जागेवर बसून राहिली. "नेसायचं ते नेसावं," ती म्हणाली होती. "पाय घालून चढवायला ती काय विजार आहे?"

मला स्वतःला या वादात बोलायला तोंड नव्हतं. माझ्या कपाटात एक चौकड्यांचा मिनी किल्ट होता, मॉलच्या सेलमधून घेतलेला. त्याला पुढे ही एवढी मोठी पिन होती. घरी आणल्यावर मी ती पिन काढून पाहिली, तर काहीच सुटलं नाही. पिन नुसती बसवलेली होती, आत साधी चेन. तो मला आवडायचा. घरातल्या घरात, आरशासमोर, दार लावून घालायचे आणि परत घडी करून ठेवायचे. बाहेर घालण्याइतकं धैर्य त्यासोबत सेलमध्ये मिळालं नव्हतं. म्हणून स्वस्त ते सगळं वाईट, असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. वेटर धावणार, सूप सांडणार, मशीनला टाकणार. त्यांना बिचाऱ्यांना कोणी वडिलांचा किल्ट दिला नव्हता, त्यांना मॅनेजरने ऑर्डर दिली होती. त्यांच्यासाठी पॉलिएस्टर अगदी योग्य. फक्त पुढचं मागे व्हायला हवं होतं.

"ह्यां काय मोठां काम नाय," मास्तर खऱ्या किल्टची बकलं तपासत म्हणाले. उजवीकडे दोन, डावीकडे एक. आतल्या पदरात कापड भरपूर राखलेलं होतं, शिवणाऱ्याला माणूस पुढेमागे वाढतो हे माहीत असणार. "बकलां उसवायची, तीन इंच सरकवायची, हातान परत टाचायची. कापडाक कात्री लावूची पण गरज नाय. एक तास." मग बकलाखालचं जुनं कापड त्यांनी मला दाखवलं. तिथे आधी एकदा बकलं सरकवल्याची भोकं होती. म्हणजे वडीलही वाढले होते.

चार वाजता बाबा मुसफ्फाहून डिलिव्हरी करून आले. आईने त्यांना निऱ्यांची बातमी दिली. आधी ते खुर्चीत बसले. दोन मिनिटांनी उठले, दांडीवरचा एक किल्ट काढला, स्वतःच्या पँटवर गुंडाळला आणि गर्रकन अर्धा फिरवला. निऱ्या मागे गेल्या, झडप पुढे आली. "हे बघा! फिरवून घालायचा. प्रॉब्लेम खलास."

"आणि ती पिशवी?" आईने विचारलं.

आयाळीची पिशवी आता बाबांच्या बैठकीवर लोंबत होती.

"शेपूट बरां दिसता," मास्तर म्हणाले.

"उसवा आणि पुढे लावा, मास्तर. तेराच्या तेरा. उद्या डिलिव्हरी आहे, यल्ला, चला लवकर." बाबांना कशाची लाज वाटत नसे, आणि मला त्यांचा हा गुण मनातून फार आवडायचा. मला मिळाला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी टेबलावरचा किल्ट पाहिला. मी पावती दाखवली. मास्तर म्हणाले, तासाभराचं काम. बाबांनी किल्टला हातसुद्धा लावला नाही.

"नको. गोऱ्याच्या बापाची वस्तू. जुनी लोकर, कुठे टाका ओढला, फाटलं, मग? तेलकंपनीचा मोठा माणूस आहे, एक फोन करेल. हे असलं काम घ्यायचंच नसतं." मग त्यांची नजर तेराव्या किल्टकडे गेली आणि चेहऱ्यावर उजेड पडला. "त्याला हा देऊ. मोठं माप आहेच. पासष्ट दिरहॅम, म्हणजे जवळजवळ आठशे रुपये. तो खूश, आपण खूश. दोन तास घालायचं आणि काढून ठेवायचं, त्याला आठ वार कशाला हवेत?"

"अहो, मुलीचं लग्न आहे त्याच्या," आई म्हणाली.

"मग? मुलगी काय निऱ्या मोजणार आहे?" आणि माझ्याकडे वळून, "तो आला की तू सांग. कापड जुनं झालंय, उसवलं तर फाटेल, होणार नाही. नीट इंग्रजीत सांग, म्हणजे पटेल."

"ओके," मी म्हणाले.

मास्तरांनी तेराव्या किल्टची पिशवी पहिली उसवायला घेतली. त्यांचा व्हिसा बाबांच्या नावावर होता, माझं काय होतं ते मला सांगता आलं नसतं. मी बाबांना गिऱ्हाइकासमोर कधी खोटं पाडलेलं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर काय, कुठेच. ते "सेम टु सेम" म्हणायचे तेव्हा मी पावतीपुस्तकात मान घालायचे. तो माझा प्रामाणिकपणा.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ते आले. सोबत बायको नव्हती, मुलगी नव्हती. पोट सुटल्याची गोष्ट माणूस एकट्यानेच निस्तरतो. त्यांनी आधी टेबलाकडे पाहिलं. किल्ट तसाच घडी घालून ठेवलेला.

"सर, प्लीज कम!" बाबांनी त्यांना बोलायलाच दिलं नाही. तेरावा किल्ट त्यांच्या हातात ठेवला. "धिस इज मॉडर्न. लाइट वेट, मशीन वॉश, नो आयर्न. यू ट्राय, नो चार्ज फॉर ट्राय."

ते ट्रायल रूममध्ये गेले. आतून वेलक्रोचा चर्र असा आवाज आला, मग परत एकदा. आई डबा आवरण्याच्या निमित्ताने थांबली होती. मास्तर पडद्याच्या फटीतून बघत होते.

ते बाहेर आले. लाल चौकड्या, पुढे सिंहाची आयाळ, खाली काळे ऑफिसचे मोजे. किल्ट त्यांना बसत होता, हे खरं. बसत होता म्हणूनच जास्त वाईट दिसत होता. ते आरशासमोर गेले, एका अंगाने वळले, दुसऱ्या अंगाने वळले, आणि डाव्या हाताने मागच्या निऱ्या सारख्या करायला गेले. हात सवयीने गेला असावा. पॉलिएस्टर हाताला चिकटलं. त्यांनी हात खाली घेतला.

"सुपर, सर! सेम टु सेम!" बाबा म्हणाले. "इन वेडिंग एवरीबडी विल लुक अॅट यू."

"मलाही तीच भीती आहे," ते म्हणाले. पण हसून म्हणाले, आणि त्या हसण्यात नाही म्हणण्याची ताकद राहिली नव्हती. मी तो चेहरा ओळखते. समोरचा इतका उत्साहाने चुकीचं देत असतो, की त्याला वाईट वाटू नये म्हणून आपण घेतो. मी आयुष्यभर असे कपडे घेत आले आहे. त्यांचा हात खिशाकडे गेला, किल्टला खिसाच नव्हता, पाकीट आत पँटमध्ये राहिलं होतं. ते परत ट्रायल रूमकडे वळले आणि मधेच थांबले.

"मिस," त्यांनी मला विचारलं, "म्हणजे माझा जुना होण्यासारखा नाहीच?"

बाबा मराठीत म्हणाले, "सांग त्याला. फाटेल म्हण."

टेबलावर किल्टचा वरचा पदर उघडा होता आणि बकलाजवळची ती जुनी भोकं मला बसल्या जागेवरून दिसत होती. आई माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे बघतच होती. पडद्यामागचं मशीन थांबलं होतं. मराठीत बोलले असते तर ते आमचं घरातलं भांडण झालं असतं, बाबांनी हसून वेळ मारून नेली असती आणि शुक्रवारी हा माणूस आयाळ लावून मुलीशेजारून चालला असता. माझे कान इतके तापले होते की ते मोठे झाल्यासारखे वाटत होते. मी खुर्चीवरून उठले, कारण बसून मला एवढं लांब बोलता आलं नसतं, आणि बाबांच्या बारा वर्षांच्या फीची सगळी इंग्रजी एका दमात वापरून मोठ्याने म्हणाले:

"होतं, सर. काही फाटणार नाही. तीन बकलं सरकवायची आहेत, आमचे मास्तर तासाभरात करून देतील. हा घेऊ नका. हा आम्ही वेटरांसाठी शिवलाय, त्यांना तो चांगला आहे. तुम्ही नवरीचे वडील आहात."